एका मीटरचा फरक

पक्षी बघायला पहिली दुर्बीण घ्यायची ठरली की प्रत्येक जण एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: आठची घ्यावी की दहाची? हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. माझ्या गळ्यातली दुर्बीण अजिबात भारदस्त नाही, आणि अशा माणसाला स्वस्तात काय बरं मिळतं ते ठाऊक असणार, असा लोकांचा समज असतो. तो बरोबरच आहे. विचारणाऱ्याचा कल मात्र आधीच दहाकडे झुकलेला असतो. किंमत तीच असेल तर कमी का घ्यायचं?

मग मी एक साधा भागाकार करायला सांगते. समजा, खंड्या ४० मीटरवर बसलाय. आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण त्याला ५ मीटरवर आणून ठेवते आणि दहापटवाली ४ मीटरवर. एवढाच वाद आहे, एका मीटरचा. पाच मीटरवरून जो खंड्या ओळखता आला नाही तो चारवरून ओळखता आला, असं क्वचितच होतं. त्या एका मीटरसाठी काय काय मोजावं लागतं हे मात्र खोक्यावर छापलेलं नसतं.

पहिलं मोल थरथरीचं. हात कितीही आवळून धरले तरी हलतातच. श्वास हलवतो, नाडी हलवते, वारा हलवतो. दुर्बीण पक्ष्याला जितकं मोठं करते तितकंच या हलण्यालाही करते. चढ चढून दमल्यावर दहाची दुर्बीण डोळ्याला लावून बघा. कागदावर जो जादा बारकावा मिळायला हवा होता तो हाताच्या कंपात विरघळून गेलेला असतो. ट्रायपॉडवर चढवली तर दहाच काय, पंधराही चालेल. पण पक्ष्यामागे हिंडणाऱ्याच्या हाताला आठपट साधारण झेपतं, दहाला हात कुरकुरायला लागतात आणि त्यापुढे सरळ नकार देतात.

दुसरं मोल दृष्टिक्षेत्राचं, आणि माझ्या मते हे जास्त महाग पडतं. दुर्बिणीवर कुठेतरी ‘१४० मी./१००० मी.’ असं काहीतरी कोरलेलं असतं. म्हणजे १००० मीटर अंतरावर तुम्हाला १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसेल. अंशांत सांगायचं तर ८ अंश. चांगल्या आठच्या दुर्बिणीत एवढं मिळू शकतं. स्वस्तातल्या दहाच्या दुर्बिणीत हाच कोन अनेकदा साडेसहा अंशांच्या आसपास, म्हणजे ११४ मीटरवर येतो. हजार मीटरवरचे पक्षी कोण बघतो म्हणा, म्हणून हेच १५ मीटरवर मांडू. एका दुर्बिणीत २.१ मीटर रुंदीचं झाड दिसतं, दुसरीत १.७ मीटर. त्या झाडात एक वटवट्या आहे, एका फांदीवर दोन सेकंदही न टिकणारा, अंगावर कुठलाही ठळक रंग नसलेला. अशा वेळी प्रश्न तो केवढा मोठा दिसतो हा नसतोच. तो दुर्बिणीच्या वर्तुळात येतो की नाही, आणि आलाच तर पळण्यापूर्वी किती वेळ राहतो, यावर सगळं ठरतं.

शिवाय आठच्या दुर्बिणीत जवळचं आणि लांबचं एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, त्यामुळे फोकसचं चाक सारखं फिरवावं लागत नाही. दाट पालवीत ही फार मोठी सोय आहे.

दहावाल्यांची बाजूही खरी आहे. उघड्या माळावर लांब घिरट्या घालणारे शिकारी पक्षी, किंवा ओहोटीच्या चिखलात दूरवर पसरलेले तुतवार आणि चिखले हाच ज्याचा नेहमीचा विषय, त्याने खुशाल दहाची घ्यावी. तिथे पक्षी लांब असतो, बऱ्यापैकी एका जागी असतो आणि आड येणारी पानं नसतात. बाकी सगळ्यांना मी आठच सांगते.

मोठेपणाचा हा मोह जरा आवरावा म्हणून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १८८९ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स मेरियम नावाच्या तरुणीने नवख्यांसाठी पक्षीओळखीचं पुस्तक लिहिलं. पक्षी बंदुकीने पाडायचा, हातात घ्यायचा आणि मग तो कोण ते ठरवायचं, असा तो काळ होता. मेरियमबाईंचा आग्रह होता की बंदुकीऐवजी ऑपेरा ग्लास घेऊन बाहेर पडा. ऑपेरा ग्लास म्हणजे नाटक बघायची चिमुकली दुर्बीण. ती जेमतेम तीनपट मोठं दाखवते. तेवढ्यावर तिने जिवंत पक्ष्यांची चाल, सवयी, गाणं हे सगळं टिपलं. आज अगदी साध्यातली साधी आठची दुर्बीण तिच्या हाती पडली असती तर तिने तक्रारीला जागा शोधली असती असं वाटत नाही.

आता दुसरा आकडा. ८×४२ यातला ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. हे भिंग जेवढं मोठं तेवढा जास्त प्रकाश आत येतो, हे सगळ्यांना कळतं. पण तो प्रकाश डोळ्यात किती जातो हे बघायला पुन्हा भागाकारच करावा लागतो. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखली तर नेत्रभिंगात एक लहानशी उजळ चकती तरंगताना दिसते, तिचा व्यास हा. ८×३० मध्ये ती पावणेचार मिलिमीटरची, १०×४२ मध्ये ४.२ ची आणि १०×२५ या खिशात मावणाऱ्या दुर्बिणीत अवघी अडीचची.

आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते. अंधारात तरुणपणी ती सातपर्यंत फाकते. वय वाढतं तशी ही फाकण्याची ताकद कमी होते आणि अनेकांची पाचच्या आसपास अडकते. तेव्हा भर दुपारी ८×४२ आणि ८×३० यांच्यात उजेडाचा फरक जाणवत नाही, कारण जादा प्रकाश बाहुलीच्या बाहेरच पडून वाया जातो. फरक पडतो तो झुंजुमुंजू असताना, सांजावताना आणि दाट झाडीत. पण मोठ्या चकतीचा एक फायदा भर दिवसाही असतो आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. डोळा जरा इकडेतिकडे सरकला तरी चित्र जात नाही. अडीच मिलिमीटरच्या चकतीवर डोळा नेमका आणून ठेवावा लागतो, नाहीतर कडेने काळं यायला लागतं. खिशातल्या दुर्बिणीने तासभर पक्षी बघितल्यावर जो थकवा येतो त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. ‘लहान आहे, सोबत राहील’ म्हणून घेतलेल्या त्या दुर्बिणी मग खरोखरच सोबत राहतात, पण बॅगेत.

वजनाचंही बोललं पाहिजे. बेचाळीसची दुर्बीण साधारण ६०० ते ८०० ग्रॅम भरते. पहिल्या तासात हे काहीच वाटत नाही. तिसऱ्या तासाला मान बोलायला लागते. बत्तीसची दुर्बीण त्यापेक्षा शंभर-दोनशे ग्रॅमने हलकी असते आणि हा फरक मानेला कळतो. दोन्ही खांद्यांवरून जाणारा हार्नेस घेतला तर हे दुखणं बरंचसं मिटतं, आणि तो दुर्बिणीच्या मानाने स्वस्त असतो.

इथवरचे आकडे निदान छापलेले असतात. स्वस्त दुर्बिणीचं खरं नशीब ठरतं ते छापलेलं नसणाऱ्या भागात, म्हणजे नळीच्या आत.

दोन्ही डोळ्यांनी लांबचं बघण्याची हौस दुर्बिणीइतकीच जुनी आहे. १६०८ साली हान्स लिपरशे याने डच सरकारकडे आपल्या नळीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला ती दोन डोळ्यांसाठी करून दे म्हणून सांगितलं होतं. करणं सोपं नव्हतं. पुढे बहिर्गोल आणि डोळ्याकडे अंतर्गोल भिंग लावलं तर चित्र सुलटं मिळतं, पण दृष्टिक्षेत्र अगदी चिंचोळं राहतं. नाटकातल्या त्या ऑपेरा ग्लासचं हेच दुखणं. दोन्हीकडे बहिर्गोल भिंगं लावली तर दृष्टिक्षेत्र ऐसपैस, पण पक्षी खाली डोकं वर पाय. तारे बघणाऱ्याला उलटं दिसून काही बिघडत नाही. पक्षी बघणाऱ्याचं कसं चालेल?

हे उलटं चित्र सुलटं करायला इग्नात्सिओ पोरो या इटालियन माणसाने लोलकांची एक जोडी वापरली आणि १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कल्पना नामी होती, पण तेव्हाची काच तिला पुरी पडेना. लोलकातून प्रकाशाला जाड काचेतला बराच प्रवास करावा लागतो, आणि काचेत दोष असला की चित्राची वाट लागते. जर्मनीत येना इथे ऑटो शॉटने नव्या जातीची काच बनवली, एर्न्स्ट आबेने तिच्यावर आधारलेली रचना केली आणि १८९४ मध्ये झाइस कंपनीने अशा दुर्बिणी बाजारात आणल्या. खांदे बाहेर आलेली, नळी वाकून मग पुढे जाणारी जी जुन्या चित्रांतली दुर्बीण आपल्या डोळ्यांसमोर येते ती ही. आजही तिला पोरो म्हणतात.

दुसरी जात रूफ. तिच्या दोन नळ्या सरळ असतात, पुढचं भिंग आणि नेत्रभिंग एका रेषेत. दिसायला आटोपशीर, हातात बसायला छान, पाणी आत न जाऊ देणं सोपं. आज दुकानात बहुतेक याच दिसतात. पण या आटोपशीरपणाची किंमत आत चुकवावी लागते. रूफ लोलकाला छपरासारखे दोन उतार असतात. हे उतार जिथे भेटतात त्या आढ्यावर प्रकाशाचा झोत दुभंगतो आणि पुढे परत जुळतो. दोन उतारांमधला काटकोन जरासुद्धा चुकला तर एकाची दोन चित्रं होतात, म्हणून लोलक घासण्याचं काम अतिशय काटेकोर लागतं. कोन अचूक असला तरी परत जुळताना प्रकाशलहरींचा ताल थोडा चुकतो आणि चित्राची धार बोथट होते. ही खोड दूर करणारा लेप, ज्याला फेज कोटिंग म्हणतात, झाइसने १९८८ मध्ये आणला. त्याआधीच्या रूफ दुर्बिणी, कितीही महाग असल्या तरी, ही खोड घेऊनच विकल्या जात होत्या. आणखी एक भानगड म्हणजे नेहमीच्या रूफ रचनेत लोलकाच्या एका पृष्ठावरून प्रकाश आपोआप पूर्ण परावर्तित होत नाही, तिथे आरशासारखा मुलामा द्यावा लागतो. स्वस्तात तो ॲल्युमिनियमचा असतो आणि प्रकाशाचा काही हिस्सा गिळतो. चांदीचा त्याहून बरा. डायइलेक्ट्रिक, म्हणजे धातू नसलेल्या पातळ थरांचा, सगळ्यात उत्तम, तो जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवतो.

पोरोला यातलं काहीच लागत नाही. फेज कोटिंग नको, मुलामा नको, आढ्याची काटेकोर घासणी नको. त्याच पैशात कारखानदाराला भिंगांवर खर्च करता येतो. म्हणून किमतीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर एकच नियम माझ्या उपयोगाचा ठरला आहे: तिथे पोरो घ्यावी. दिसायला ती जुनाट वाटेल, रूफवाले मित्र तिच्याकडे जरा दयेने बघतील, पण डोळ्याला लावली की बरोबरीच्या किमतीच्या रूफपेक्षा चित्र बहुतेकदा जास्त लख्ख असतं. पुढची भिंगं एकमेकांपासून लांब असल्याने खोलीही जास्त जाणवते. पुढची फांदी कुठली आणि मागची कुठली ते सहज उलगडतं. एक पायरी वर चढता येत असेल, आणि माहितीपत्रकात फेज कोटिंग स्पष्ट लिहिलेलं असेल, तर मग रूफचा विचार करावा. ते लिहिलेलं नसेल तर मी ते नाहीच असं धरून चालते. एवढा खर्च करून कोणी गप्प बसत नाही.

पोरोच्या उणिवाही सांगायला हव्यात. बहुतेक पोरोंमध्ये फोकस करताना नेत्रभिंगांचा पूल मागेपुढे सरकतो, आणि त्या हालचालीबरोबर बाहेरची हवा, धूळ, ओल आत ओढली जाते. पावसात त्या बिचाऱ्या असतात. चांगली रूफ आतून नायट्रोजन भरून बंद केलेली असते. गारव्यातून दमट हवेत आलं तरी तिच्या आत वाफ धरत नाही. पोरो आदळली तर लोलक जागचे हलण्याची भीतीही जास्त. आणि जवळचं बघायला ती नाखूश असते. अनेक पोरो तीन-चार मीटरच्या अलीकडे फोकसच होत नाहीत. पक्ष्यांबरोबर फुलपाखरं आणि चतुरांचाही नाद असेल तर दोन मीटरच्या आत येणारी दुर्बीण शोधावी लागते. त्यातला टोकाचा नमुना म्हणजे पेंटॅक्सची पापिलिओ. ही चिमुकली पोरोच, पण पुढची भिंगं आतल्या बाजूला घेतलेली, आणि अर्ध्या मीटरवरचं फुलपाखरू दाखवणारी.

भिंगांवरच्या लेपांची गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. ऐकायला थोडा वाटतो. पण दुर्बिणीत हवा आणि काच भेटतात अशी दहा-बारा पृष्ठं सहज असतात. बारा वेळा चार टक्के गेले की शंभरातले साधारण ६१ उरतात. बरं, परत फिरलेला प्रकाश निमूट निघून जात नाही, आतल्या आत भटकतो आणि चित्रावर पांढुरकी झाक आणतो. १८९० च्या दशकात डेनिस टेलर या इंग्लिश भिंगकाराच्या लक्षात आलं, की डागाळलेली, जुनी भिंगं नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात. काळाने काचेवर चढवलेला तो थरच परावर्तन कमी करत होता. तो थर मुद्दाम आणि हवा तसा चढवण्याची रीत १९३५ मध्ये झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुलाने बसवली.

खोक्यावर याच्या चार पायऱ्या छापतात: कोटेड, फुली कोटेड, मल्टी-कोटेड, फुली मल्टी-कोटेड. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे कुठल्यातरी पृष्ठावर एक थर दिला आहे. ‘फुली मल्टी-कोटेड’ म्हणजे हवेशी भिडणाऱ्या सगळ्या काचांवर अनेक थर. स्वस्त दुर्बिणीतही या शेवटच्या पायरीवर मी तडजोड करत नाही. छापलेल्यावर पूर्ण विश्वास ठेवायचीही गरज नाही. दिव्याखाली पुढच्या भिंगात बघा, दिव्याची लहानमोठी प्रतिबिंबं एकामागे एक दिसतील. ती मंद हिरवी, जांभळी, निळसर असतील तर बरं. मधेच एखादं झगझगीत पांढरं दिसलं तर त्या काचेवर कोणी हात फिरवलेला नाही. आणि भिंग माणकासारखं लालभडक चमकत असेल तर दुर्बीण तिथेच खाली ठेवा. ते लाल दिसतं कारण लाल प्रकाश बाहेर फेकला जातो; आत चित्र हिरवट होतं आणि तांबूस छातीचा पक्षी तांबूस राहत नाही.

याच दुर्बिणींवर बहुतेकदा अफाट आकडे असतात. तळहातावर मावणारी, आणि म्हणे पन्नासपट. त्यांच्याबद्दल एवढंच. झूमवाल्यांबद्दलही फार नको: आठवर दृष्टिक्षेत्र चिंचोळं, वीसवर अंधार, आणि दोन्ही नळ्या एकाच वेगाने मोठं करतीलच याची खात्री नाही. फोकस करायचं चाकच नसलेल्याही काही दुर्बिणी मिळतात. त्यांत स्पष्ट करण्याचं सगळं काम आपल्या डोळ्यावर टाकलेलं असतं, आणि चाळिशी लागलेला डोळा ते करत नाही.

आता माझ्या स्वतःच्या अडचणीकडे येते. मी चष्मा लावते. आणि इतका वेळ पोरोची तरफदारी करून मी स्वतः मात्र ८×३२ ची रूफ वापरते, त्याचं कारण हा चष्मा.

नेत्रभिंगापासून ठरावीक अंतरावर डोळा ठेवला तरच पूर्ण वर्तुळ दिसतं. या अंतराला आय रिलीफ म्हणतात. मधे चष्म्याची काच आली की डोळा तितका मागे राहतो. अंतर कमी पडलं तर वर्तुळाच्या कडा गायब होतात आणि किल्लीच्या भोकातून डोकावल्यासारखं मधलंच काहीतरी दिसतं. ज्या रुंद दृष्टिक्षेत्रासाठी आठची दुर्बीण घेतली तेच चष्मेवाल्याच्या हाती लागत नाही. चष्म्यासाठी निदान १५ मिलिमीटर लागतात, १७-१८ असले तर निवांत. जुन्या धाटणीच्या बऱ्याच पोरोंमध्ये ते दहा-बाराच असतात. छापलेल्या आकड्यातही एक मेख आहे. तो भिंगाच्या पृष्ठापासून मोजतात, आणि भिंग कडेच्या आत दोन-तीन मिलिमीटर खोल बसवलेलं असलं तर तेवढे आपल्याला मिळतच नाहीत. म्हणून चष्मेवाल्याने या आकड्यावर विसंबू नये. चष्मा लावून, आयकप, म्हणजे नेत्रभिंगाभोवतीचं वरखाली होणारं कडं, पूर्ण खाली फिरवून, वर्तुळाची काळी कड चहूबाजूंनी स्वच्छ दिसते का ते बघावं.

लोक सांगतात, चष्मा काढून बघा, फोकसच्या चाकाने नंबर भरून निघतो. साधा लांबचा नंबर निघतोही. दंडगोल नंबर, म्हणजे सिलिंड्रिकल, निघत नाही. आणि खरी गैरसोय वेगळीच आहे. पक्षी आधी नुसत्या डोळ्याने दिसतो, म्हणजे माझ्या बाबतीत चष्म्याने. मग चष्मा कपाळावर सरकवायचा, दुर्बीण लावायची, पक्षी उडाला की दुर्बीण काढून चष्मा खाली ओढायचा. तोवर तो कुठल्या झाडात शिरला कोण जाणे. त्यामुळे दंडगोल नसलेल्यांनाही मी चष्म्यासकट बघता येईल अशीच दुर्बीण सुचवते.

हातात घेऊन बघण्याची संधी मिळाली तर एक तपासणी कधीही सोडू नये. लांबच्या इमारतीची आडवी कड किंवा विजेची तार बघत बघत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वितभर लांब न्यायची. दोन्ही चकत्यांतली ती रेघ एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एकीत वर आणि दुसरीत खाली झाली तर दोन नळ्या एकाच दिशेला बघत नाहीयेत. थोडी चूक असली तर डोळे ती मुकाट्याने सांभाळून घेतात, आणि तिथेच फसगत होते. दुकानातल्या पाच मिनिटांत काही जाणवत नाही, पण रानातल्या दोन तासांनी डोकं धरतं. स्वस्त दुर्बिणींमध्ये एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघतील याचा भरवसा नसतो, म्हणून खोक्यातून काढलेला तोच नग तपासायचा आणि तोच घ्यायचा.

त्यानंतर पांढऱ्या आभाळावर काळी फांदी बघावी. कडेला जांभळी किंवा हिरवी झालर दिसेल. स्वस्तात ती असणारच. मधोमध कमी आणि कडेला जास्त असली तर चालवून घ्यावी. वर्तुळाच्या कडेला चित्र पुसट होणंही मी चालवून घेते, कारण पक्षी दिसला की आपण त्याला मधेच आणतो. चालवून घेत नाही ते चाकाचं ढिलेपण. चाक एका दिशेने फिरवून मग उलट फिरवलं की मधे काहीच न घडणारी पोकळ जागा लागत असेल, तर ती वटवट्याच्या त्या दोन सेकंदांत रोज आडवी येणार.

जुनी दुर्बीण घ्यायलाही माझी हरकत नाही, विशेषतः पोरो. फक्त पुढच्या बाजूने आत टॉर्च मारून बघावा. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, आणि लोलकांवर साचलेली ओल दुधाळ पडदा होऊन दिसते. दमट हवेत दुर्बीण महिनोन्‌महिने कातडी पेटीत बंद राहिली की हे होतं. घरातही तिला सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवावं, किंवा मग रोज वापरावं. दुसरा उपाय मला जास्त पसंत आहे.

महागड्या दुर्बिणीतून मी बघितलं आहे. पक्षीवाले याबाबतीत दिलदार असतात, मागितली की देतात. फरक आहे, नाही कसा? कडेपर्यंत धारदार चित्र, झालर जवळपास नाही, आणि सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं जादा मिळतात. पण त्यात मला एकही असा पक्षी दिसला नाही जो माझ्या दुर्बिणीत त्या उजेडात ओळखता आला नसता. खालच्या पायरीवरून एक पायरी चढताना जे मिळतं ते डोळ्यांत भरतं. वरून दुसऱ्या पायरीवरून सगळ्यात वर चढताना मिळतं ते शोधावं लागतं आणि पैसे मात्र कितीतरी पट जातात. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावी. मला हेवा वाटतो, तो मी लपवत नाही.

आमच्या घरात दुसरी दुर्बीण आहे, ८×३० ची पोरो, चष्मा नसलेल्या पाहुण्यांसाठी. ती देताना एक गोष्ट माझ्या हमखास लक्षात येते. पक्षी दिसला की आपण घाईघाईने आपली दुर्बीण शेजारच्याच्या हातात कोंबतो आणि ‘ते बघ, डावीकडच्या फांदीवर’ म्हणून सुरू होतो. दोन नळ्यांमधलं अंतर आपल्या डोळ्यांना लावलेलं असतं, उजव्या नेत्रभिंगावरचं डायॉप्टर, म्हणजे त्या डोळ्याचा फोकस वेगळा लावायचं कडं, आपल्या नंबराला, आयकप आपल्या सोयीने वरखाली. समोरच्याला दोन वेगळी वर्तुळं आणि मधे काळोख दिसतो, आणि भिडेखातर तो म्हणतो, ‘हो, हो, छान आहे.’ लहान मुलांचं तर आणखी अवघड. त्यांच्या डोळ्यांमधलं अंतर इतकं कमी असतं की काही दुर्बिणी पूर्ण मिटवल्या तरी त्यांना बसतच नाहीत. मुलासाठी घ्यायची तर हे पहिल्यांदा बघावं.

म्हणून मी आता पक्षी थोडा वेळ विसरते. समोरच्याला आधी लांबच्या एखाद्या खांबाकडे बघायला लावते, कारण खांब उडून जात नाही. नळ्या बिजागरीवर उघडमीट करून दोन वर्तुळांचं एक झालं का विचारते. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचा फोकस. मग डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रभिंगाच्या कड्याने उजव्याचा. एवढं झालं की पुढचा पक्षी सापडला तर नजर त्याच्यावरून काढायची नाही, मान खाली घालून दुर्बीण शोधायची नाही, नजर तिथेच ठेवून ती डोळ्यांसमोर वर आणायची. दोन-तीनदा चुकतं. त्यानंतर ‘हो, हो, छान आहे’ ऐवजी पाहुणा एकदम गप्प होतो, आणि दुर्बीण परत मागायला मलाच संकोच वाटायला लागतो.